बाळाच्या तापाचा संदर्भ

"सगळं लाल झालंय हो," ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

तिसरं प्रकरण खरोखरच लाल झालं होतं. विद्यापीठाने आता असं एक यंत्र आणलं होतं, की त्यात प्रबंध घातला की कुठलं वाक्य आधी कुठे छापून आलंय ते हुडकून काढायचं आणि लाल करून दाखवायचं. पहिली दोन प्रकरणं स्वच्छ होती. कुठे एखादी लाल ओळ होती, पण तेवढं चालतं. तिसऱ्या प्रकरणात मात्र हे पान उलटावं तरी लाल, ते पान उलटावं तरी लाल.

"कुठून उचललंत?" बाईंनी विचारलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांच्याकडे रोज कुणी ना कुणी उचलून आणायचाच, त्यामुळे भाजी कुठून घेतलीत म्हणावं तसं त्यांनी विचारलं.

"मी कशाला उचलेन, बाई? माझं स्वतःचं आहे हे."

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणता त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस चोरी करेल असं त्याच्या वैऱ्यालाही वाटलं नसतं.

कॉलेजात सगळे त्याला तळटीप म्हणायचे. कारण कुठलंही बोलणं खाली संदर्भ जोडल्याशिवाय त्याच्या तोंडून बाहेर पडत नसे. "आज उकडतंय फार" एवढं म्हणायचं असलं तरी "असं सकाळी शिपाई म्हणाला, आणि मलाही पटलं" अशी शेपटी तो लावायचाच. विनोद सांगायच्या आधी तो कुणाकडून ऐकला ते सांगायचा, त्यामुळे विनोद तिथेच गतप्राण व्हायचा. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं तेही त्याला ठाऊक होतं आणि विचारलं तर तो त्या माणसाला रीतसर श्रेय द्यायचा. आपणही त्याला तळटीपच म्हणू, त्याची हरकत नसते.

तासावर शिकवणारा मास्तर होता तो. केस पांढरे व्हायला लागले तरी तासावरच. आणि शिकवायचा काय, तर संशोधन कसं लिहावं: तळटीप कुठे द्यावी, संदर्भसूची कशी लावावी, स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे. "ज्याचं आहे त्याच्या नावावर ठेवा, मग रात्री झोप लागते," असं तो मुलांना दरवर्षी सांगायचा. मुलं दरवर्षी जांभई द्यायची.

"कुणाचं म्हणतंय यंत्र?" त्याने विचारलं.

बाईंनी एका लाल वाक्यावर टिचकी मारली. बाजूला चौकट उघडली. एका नावाजलेल्या नियतकालिकातला लेख होता, गेल्याच्या आदल्या वर्षीचा. लेखकाचं नाव वाचून तळटीपने चष्मा काढला, पुसला, परत घातला. नाव तेच राहिलं. ते त्याच्या मार्गदर्शकांचं होतं, म्हणजे सरांचं. हेच प्रकरण त्याआधी त्याने सरांना तपासायला दिलं होतं आणि सरांनी "वाचतोय, वाचतोय" म्हणत ते वर्षभर ठेवून घेतलं होतं. वाचत होते हे तरी खरं निघालं.

तिसरं प्रकरण त्याच्या आईचं होतं. आई पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात उभा जन्म राबली. पत्रा कापणारी, ठोकणारी यंत्रं तिथे अशी कडाडायची की शेजारणीने कानाला तोंड लावून ओरडलं तरी कळायचं नाही. मग त्या बायांनी हातांनी बोलायला सुरुवात केली. झाकण वाकडं बसलं, बोट कापलं, पाणी पिऊन येते, नवरा रुसलाय, सगळं हातांनी. गळ्यापाशी दोन बोटांची चिमूट धरली की मुकादम येतोय, चेहरा सरळ ठेव, हात चालू ठेव. मुकादमाची कॉलर नेहमी कडक इस्त्रीची असायची, म्हणून ती तशी खूण. पुढे कारखाना बंद पडला. आईचे कान त्याच्या आधीच गेले होते, हात तेवढे राहिले. तळटीपचं सगळं लहानपण त्या हातांशी बोलण्यात गेलं.

आणि त्या प्रकरणाचा जीव एका लहानशा परिच्छेदात होता. आईच्या शेजारच्या यंत्रावर एक बाई होती, तिला तळटीप मावशी म्हणायचा. कामाची पाळी सुरू झाली की मावशी आईकडे बघून कोपर हलवायची, मूल निजवतात तसं. म्हणजे, बाळ कसं आहे? एका वर्षी कित्येक दिवस आईने उत्तरादाखल पालथा हात कपाळाला लावला होता: ताप आहे. मग तोच हात ती सावकाश खाली आणायची: उतरेल. तापाने फणफणलेलं पोर शेजाऱ्यांकडे टाकून ती कामावर येत होती, कारण घरी राहिलं तर यंत्र दुसरीला मिळायचं. ते पोर म्हणजे तळटीप स्वतः.

तो परिच्छेद आता सरांच्या लेखात होता. "एका वृद्ध कामगार स्त्रीच्या आठवणीनुसार" अशी सुरुवात होती, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: लेखकाने घेतलेली प्रत्यक्ष मुलाखत.

 आधी तळटीपला वाटलं आपल्यालाच काहीतरी समजलेलं नाही. मग राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ भीती आली, आणि भीती आली ती गेली नाही.

"शब्द फिरवा ना थोडे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "यंत्राला कळत नाही."

"मग ती चोरी होईल."

"अहो, स्वतःचीच?"

"छापून आलंय ना आधी. ज्या परीक्षकाने तो लेख वाचलाय तो म्हणेल, गुरूचं ढापलं आणि नावही घेतलं नाही."

"मग तक्रार करा. समिती आहे की त्यासाठी."

"अध्यक्ष कोण आहेत समितीचे?"

बाईंनी भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं, वाचलं आणि मान वळवली. पडद्यावरची चौकट त्यांनी मुकाट्याने बंद केली.

सरांच्या खोलीकडे जाताना जिन्यात त्याने सगळं पाठ केलं होतं. सर, हे बरोबर नाही. सर, मला याचं उत्तर हवंय. दारावर टकटक केली तेव्हाही ते जिभेवर होतं.

"ये, ये. बस. आई कशा आहेत?" सर म्हणाले, आणि त्याचं पाठांतर तिथेच संपलं.

"बरी आहे," तो म्हणाला. मग खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "सर, तो तुमचा लेख... त्यात माझं तिसरं प्रकरण आहे."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि थोरल्या भावाने बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"अरे, तुझं माझं काय करतोस? इतकी वर्षं हा विषय आपण मिळूनच करतोय. आणि मी तुझ्या घरी आलो नव्हतो का? आईंनी मला स्वतः करून दाखवलं सगळं. त्या मावशीही होत्या. बाळाचं तर दोघींनी दोनदा दाखवलं."

हे खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. सरांना त्यानेच बोलावलं होतं. मूळ साधन स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, हा त्याचा स्वतःचा नियम. त्या दिवशी आईने ठेवणीतले कप काढले होते आणि सर खूश होऊन गेले म्हणून ती आठवडाभर हरखून होती. आता ते कप आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण लिहिलं मी होतं, सर."

"लिहिलंस तू, छापलं मी. आपल्यात छापलेलं धरतात. तूच शिकवतोस ना मुलांना?"

शिकवत होता. अगदी याच शब्दांत शिकवत होता.

"मग अडलंय कुठे? वाक्याला अवतरणचिन्ह घाल, वर आकडा टाक, खाली माझा लेख दे. पान क्रमांक तेवढा नीट बघ. लाल गेलं म्हणून समज. आणि हो, मुलाखतींच्या यादीत आईंचं नाव आहे ना, ते काढ."

"ते का?"

"कारखाना तोच, यंत्र तेच, बाळ तेच. परीक्षक विचारेल, ही बाई कोण? मग निघेल की उमेदवाराची आई. घरचा साक्षीदार कोण ऐकून घेतं? लटकशील फुकट. तुझ्या भल्याचं सांगतोय मी."

 खोलीत पुस्तकं छतापर्यंत गेली होती आणि खिडकी त्यांच्या मागे कुठेतरी होती. तळटीपला एकदम वाटलं की उठावं, दार उघडावं आणि जे काय व्हायचं ते होऊ दे. पण मुदतवाढ संपत आली होती. शुक्रवारपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती. कॉलेजात एक कायमची जागा निघाली होती, आणि पदवी नसेल तर पुढच्या वर्षी तासही मिळणार नाहीत हे प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

"शुक्रवार ना शेवटचा?" सर म्हणाले. "गुरुवारी घेऊन ये. माझी सही लागेल ना त्यावर."

तो "हो सर" म्हणाला. जिना उतरून खाली आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण "थँक यू" पण म्हणालो. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

घरी आई दारातच होती. कानांनी ऐकू येत नसल्याने ती सगळ्या जगालाच बहिरं समजायची आणि त्या हिशेबाने बोलायची.

"छापलं का रे माझं नाव?" तिने विचारलं. समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली.

हा प्रश्न ती रोज विचारायची. चूक त्याचीच. मागे एकदा त्याने तिला मसुदा दाखवला होता, अगदी शेवटची पानं, मुलाखती असं लिहिलेलं, आणि त्याच्याखाली पहिलं तिचं नाव. आई शाळेत गेली नव्हती. पण कारखान्यात अंगठा लावायला तिला कमीपणा वाटायचा म्हणून ती सही करायला शिकली होती, आणि जगातल्या सगळ्या अक्षरांपैकी तेवढी स्वतःच्या नावाची ती ओळखायची. मसुद्यावर बोट ठेवून ती म्हणाली होती, "हीच की मी." मावशीने मात्र आपलं नाव घालू दिलं नव्हतं. सुनेला कळलं तर म्हणेल म्हातारीला शिंगं फुटली, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून आई मावशीला भित्री म्हणायची आणि स्वतः ताठ मानेने वावरायची.

तळटीपने तिला हातानेच सांगितलं: होतंय, होतंय.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पेशंटांची नावं लिहून घ्यायच्या कामाला होती आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी यायची. तिने ऐकून घेतलं. मध्ये एकदा "मेला" म्हणाली, ते सरांना.

"मग काय करणार आहात?"

"नाही देणार सरांचं नाव. नाही काढणार आईचं."

"बरं. पुढे?"

तो टेबलावरचे कागद सरळ करू लागला.

"हे बघा," ती म्हणाली, "मी काही तुम्हाला भरीला घालत नाही. पण या घरात आपण तिघं आणि चौथा तो प्रबंध. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. टेबलावर तो, पलंगाखाली तो, सुट्टी लागली की तो. घालवा एकदा घराबाहेर. कसाही घालवा." ती आत जाता जाता थांबली. "आणि आईंना सांगा आधी. नंतर नको. काय वाटेल त्यांना?"

"सांगतो," तो म्हणाला. सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी तो संगणकासमोर बसला. बसला खरा, पण बराच वेळ नुसताच. मग प्रकरणातल्या एकेका लाल वाक्याला तो अवतरणचिन्हं घालत गेला आणि शेवटी त्या परिच्छेदालाही घातली. आई बाळाला टाकून कामावर गेली, अवतरणात. कपाळाला हात लावला, अवतरणात. उतरेल म्हणाली, अवतरणात. वर बारीक आकडा टाकला आणि खाली सरांचं नाव, लेखाचं नाव, नियतकालिक, वर्ष, पान. स्वतःच्या तापाला त्याने दुसऱ्याचा हवाला दिला. आणि सवय कशी असते बघा, एवढं करतानाही पान क्रमांक चुकीचा नको म्हणून त्याने मूळ लेख उघडून पडताळून पाहिला. एक स्वल्पविराम राहिला होता, तो घातला.

मग तो शेवटच्या पानांवर गेला. आईची ओळ निवडली. मागे आई भिंतीला टेकून पेंगत होती, तिच्याकडे त्याने एकदा वळून पाहिलं. कळ दाबली तसं बाकीच्या बायांची नावं निमूटपणे एकेक ओळ वर सरकली. जागा रिकामी राहील असं त्याला उगीच वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

गुरुवारी सरांनी सही केली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला, आता तुला डॉक्टर म्हणायला हरकत नाही." शुक्रवारी यंत्राने तिसरं प्रकरण पांढरं दाखवलं. ग्रंथालयातल्या बाईंनी शिक्का मारला आणि त्याच्याकडे न बघता पोच त्याच्या हातात ठेवली. कॉलेजातले लोक म्हणाले, तळटीप, पार्टी कधी? तो हसला. त्या हसण्याला कुणाचाही संदर्भ त्याने दिला नाही.

बांधून आलेली घरची प्रत निळ्या कव्हरची होती, वर सोनेरी अक्षरं. ती चार दिवस त्याने पिशवीतच ठेवली. आईला सांगायचे शब्द तो जुळवत होता. ओरडून सांगितलं तर सगळ्या गल्लीला कळणार, आणि हातांनी सांगायचं तर या गोष्टीला खूणच नव्हती. कारखान्यात कधी लागलीच नसावी.

रविवारी सकाळी मावशी आली. दोघी म्हाताऱ्या पुढच्या खोलीत मटार सोलायला बसल्या. बायको आत होती. तळटीप पेपर वाचत होता, म्हणजे पेपरामागे होता.

"आलं म्हणे पुस्तक," मावशी म्हणाली.

आईला ऐकू गेलं नाही, पण ओठ वाचून कळलं. "आलंय! लपवून ठेवलंय यानं," ती गरजली. "आण रे. हिला दाखवू दे. बघ म्हणावं, भित्रे."

"आई, नंतर बघू. हात खराब आहेत तुझे."

"काय म्हणतोय?"

"हात," मावशीने बोटांनी सांगितलं.

आईने पदराला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, आणि पुढे केले. आता काही इलाज नव्हता. त्याने पिशवीतून प्रबंध काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आतल्या दारात बायको येऊन उभी राहिली.

आईने पुढची पानं उघडलीच नाहीत. पालथं करून ती थेट मागून शिरली, मुलाखतींच्या पानावर आली, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट थबकलं. मग दुसरी ओळ, तिसरी. शेवटच्या नावापर्यंत बोट गेलं, परत वर आलं आणि पुन्हा एकदा सावकाश खाली गेलं. मागचं पान उलटून पाहिलं. पुढचं पाहिलं, ते कोरं होतं.

तळटीपला वाटलं आता ती ओरडेल. तिने ओरडावं असंच त्याला वाटत होतं. सगळ्या गल्लीने ऐकावं, म्हणजे एकदाचं होऊन जाईल.

आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला दिसत नव्हतं, तिला दिसलं.  मग तिने प्रबंध मिटला आणि शेजारी पाटावर नीट सरळ ठेवला.

"आहे का गं नाव?" मावशीने वाकून विचारलं.

 आईने दोन बोटं गळ्यापाशी नेली आणि चिमूट धरली.

मावशीचं हसू विरलं. एवढी वर्षं झाली, कारखान्याचं छप्परसुद्धा उरलं नव्हतं, पण तिची पाठ आपसूक ताठ झाली. चेहरा सरळ झाला. दोघींचे हात मटारात गेले आणि चालू लागले. शेंग फोडायची, दाणे काढायचे, साल बाजूला.

तळटीप उभाच होता. बसावं की जावं, त्याला समजेना. मावशीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग आईकडे वळून, हातातली शेंग न टाकता, तिने कोपर हलवलं.

आईने मान वर केली नाही. पालथा हात कपाळाला लावला. कपाळावर सालीचा एक हिरवा तुकडा चिकटला. मग तो हात तिने सावकाश खाली आणला आणि पुढची शेंग उचलली.